अडुसष्ट

प्रज्योतनं त्याला फुकटात घेतलं होतं,
कॉम्प्युटरवरच्या खेळात.
टीमचे पैसे संपलेले,
गोल करणारे सगळे महाग,
आणि यादीच्या पार बुडाशी हा:
योरिस देवोल्डर, बेल्जियम,
स्टॉपर बॅक, वय बावीस, गुण अडुसष्ट.
मी मागं उभा होतो, कपबशी घेऊन.
म्हटलं, घे त्याला. स्टॉपर लागतोच.
मी बी होतो की पूर्णा इन्स्टिट्यूटच्या टीममधी,
लालागुड्यापर्यंत गेलतो खेळायला.
मपले गुण कुणी मोजले नाहीत.

पोरगं चाकणला लागलं. कॉम्प्युटर सोबत नेला.
योरिस राहिला मपल्याकडं.

मिरखेलच्या अलीकडं माझं गेट.
ड्युटीवर मोबाईल चालत नाही,
म्हणून सकाळी चार्ज दिल्यावर
हापशाजवळच्या दगडावर बसून त्याचं नाव टाकायचो.
रद्दीतल्या एका रजिस्टरची मागली पानं त्याची.
सोळा साली सव्वीस मॅच, गोल शून्य.
सतरा साली उसना दिला.
हा शब्द मोबाईलचा, मपला नाही.
शेजारणीला वाटीभर साखर द्यावी
तसा दुसऱ्या गावाला दिला माणूस.
परत आला तवा
त्याच्या जागी दुसरंच कुणी उभं होतं, सहा फूट चार इंच.

एकोणीसला गुडघा गेला.
नऊ महिने लिहायला काहीच नाही.
तरी रोज नाव टाकायचो,
करुणा म्हणायची, कोण आजारी आहे तुमचं?

एकवीस साली एक गोल.
स्वतःच्याच जाळीत.
खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं,
भाषा कळली नाही, शिव्या कळल्या.
मी ती क्लिप अकरा वेळा पाहिली.
बॉल गोलीच्या हातातून सुटून येतोय,
योरिसच्या पाठीशी त्यांचा नऊ नंबर, मोकळा.
पाय घातला तर कदाचित,
नाही घातला तर नक्की.
त्यानं घातला.
बरोबर केलं गड्यानं.

लालागुड्याला मी नव्हता घातला.
वाटलं, यासीन धरील.
यासीन आता पूर्ण्यात टायरचं दुकान चालवतो,
भेटला की चहा पाजतो,
सगळं बोलतो, ते सोडून.

मग तुर्कस्तान. तिथं आठ महिन्यांचा पगार बुडाला.
मग सायप्रस, नकाशात बोटानं झाकलं जाईल एवढं,
तिथं बी बाकावरच.
प्रज्योतला फोन करून विचारलं,
खेळात किती गुण आहेत त्याचे आता?
म्हणाला, बघतो.
आठ दिवसांनी म्हणाला, चौसष्ट.
पुढल्या वर्षी म्हणाला, पप्पा, यादीत नाव नाही.

परवा सकाळी बातमी आली.
मोबाईलनं मराठी करून दिली:
'देवोल्डर ह्यांनी बूट टांगले आहेत.'
एवढंच. कुठं टांगले, ते नाही.
मपले तर आईनं मोडीत दिले,
पितळी तांब्यासोबत.

पोराला सांगितलं.
कोण योरिस?
अरे, तो. फुकटातला.
हा हा, म्हणाला. शिफ्ट आहे पप्पा.

बातमीखाली एक फोटो होता.
ओलं मैदान, गुडघ्याएवढी नऊ पोरं,
आणि हा थोडा टक्कल पडलेला,
एका पोराच्या कमरेकडं बोट दाखवतोय.
मी फोटो मोठा केला. हो, कमरेकडंच.
हबीब उस्ताद हेच सांगायचे,
इंजिन शेडमागच्या ग्राउंडवर, पान थुंकून:
बॉलकडं पाहू नको, पायांकडं पाहू नको,
पाय खोटं बोलतात,
कंबर नाही बोलत.
बेल्जियमच्या पावसात
हे कुणी सांगितलं त्याला?

रजिस्टर काढलं.
एकूण मॅच दोनशे सत्त्याण्णव.
गोल तीन, अन् तो एक.
खाली रेघ ओढणार होतो,
पण पानावर अजून चार बोटं जागा होती.
तशीच ठेवली.